सिंदखेडची कन्या आणि वऱ्हाडची मुले

दर वर्षी १२ जानेवारीस बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील सिंदखेड राजा ह्या गावी जो जनसमुदाय लोटतो, तो ज्याने एकवार पाहिला असेल त्यास महाराष्ट्राच्या कृतज्ञतेविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. राजे लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा तो भव्य दरवाजा, त्यापुढे दाटलेली गर्दी, फेटे बांधून आलेल्या मुली, गावोगावच्या दिंड्या आणि दिवसभर चालणारी व्याख्याने! मातुश्री जिजाबाईंचा जन्म ज्या भूमीत झाला त्या भूमीने त्यांचे स्मरण थाटाने करावे हे सर्वथा योग्यच आहे, आणि त्या थाटास नाव ठेवण्याचा आमचा मुळीच इरादा नाही.

तथापि जिजाबाईंच्या चरित्राचे जे सार व्यासपीठांवरून वारंवार सांगण्यात येते ते थोडक्यात असे असते की, एका मातेने आपल्या पुत्रास रामायण-महाभारतातील कथा सांगितल्या आणि त्यांतून राज्य उभे राहिले. ह्या सांगण्यात खोटे काही नाही. पण ते अर्धेच सांगणे आहे, आणि जे अर्धे राहून जाते तेच आज आमच्या जिल्ह्यास अधिक उपयोगाचे आहे, अशी आमची समजूत आहे. कथा सांगण्यास मूल जिवंत राहावे लागते. ऐकण्यास त्याचे पोट भरलेले असावे लागते. आणि ऐकलेले आचरणात आणण्यास त्याच्या बरोबरीची इतर मुलेही धडधाकट वाढावी लागतात. ह्या तीन गोष्टी जिजाबाईंस कशा साधल्या, कोणाच्या बळावर साधल्या व त्यास खर्च कोणी केला, ह्या बाजूने ते चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जिजाबाईंचा जन्म १५९८ सालचा. पिता लखुजीराव जाधव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगणारे हे घराणे. माता म्हाळसाबाई. आज सिंदखेडास गेलेला मनुष्य वाडा पाहून परत फिरतो. पण त्याने थोडा वेळ काढून मोती तलावाच्या बांधावर जाऊन उभे राहावे. पावसाचा भरवसा नसलेल्या त्या माळरानावर दगडी बांध घालून पाणी अडविण्याची जी योजना तेथे दिसते, तिच्यावरून गावाच्या जुन्या धन्यांची दृष्टी कळते. चांदणी तलाव आहे, बारव आहे. ज्या गावात पाण्याची अशी तजवीज असते त्या गावातील लेकरांचे बालपण निम्मे सुरक्षित झाले असे समजावे. कारण मुलांस होणाऱ्या रोगांपैकी केवढा तरी भाग वाईट पाण्यातून येतो, हे आता कोणासही नव्याने सांगावयास नको. मुलगी झाली म्हणून लखुजीरावांनी हत्तीवरून साखर वाटली असे लोक सांगतात. त्या मुलीस अक्षरओळख झाली, घोड्यावर बसता आले, तलवार धरता आली, असेही परंपरा सांगते. एवढे खरे की पुढे तिने जी कामे पार पाडली ती कोनाड्यात वाढलेल्या मुलीच्या हातून झाली नसती.

येथेच आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. २०११ सालच्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली. तीत सहा वर्षांखालील बालकांचा हिशेब मांडला तेव्हा १,००० मुलग्यांमागे मुली आढळल्या ८५५. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २००१ साली, हाच आकडा ९०८ होता. साऱ्या महाराष्ट्राचा २०११ चा आकडा ८९४, म्हणजे तोही शरमेचाच; पण ज्या जिल्ह्यात जिजाऊ जन्मल्या तो जिल्हा त्या शरमेतही राज्याच्या मागे राहिला! गर्भलिंग तपासण्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, सर्व हिंदुस्थानच्या आधी केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. कायदे झाले, आणि तरी २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत आमच्या जिल्ह्यातील मुलींची संख्या अशी घसरली. हत्तीवरून वाटलेल्या साखरेची कथा ज्या ओट्यांवर सांगितली जाते, त्याच ओट्यांवरून काही सुना दूरच्या शहरी तपासणीस नेल्या गेल्या असतील काय, हा प्रश्न विचारणे अप्रिय आहे. परंतु तो न विचारणे आमच्या धंद्यास साजणारे नाही.

असो. चरित्राकडे वळू. भोसल्यांच्या शहाजीराजांशी जिजाबाईंचा विवाह झाला तो त्या काळच्या चालीप्रमाणे बालवयातच. जाधव आणि भोसले ही दोन्ही घराणी निजामशाहीची चाकर, पण दोहोंत वैर पडले. खंडागळ्यांच्या हत्तीवरून माजलेल्या रणधुमाळीत जिजाबाईंचा भाऊ दत्ताजी पडला आणि सासरचा चुलत दीर संभाजीही पडला. माहेर व सासर यांच्यामध्ये रक्ताचा पाट वाहिला असता त्या सासरी राहिल्या. पुढे १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव हे दग्याने मारले गेले. एका दिवसात माहेरच्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. लखुजीरावांच्या समाधीची प्रचंड वास्तू सिंदखेडास आजही उभी आहे. ही बातमी जिजाबाईंच्या कानी आली तेव्हा शिवाजीराजे त्यांच्या उदरात होते.

त्या प्रसूतीची व्यवस्था कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. शहाजीराजे धामधुमीत गुंतलेले. तेव्हा गर्भार पत्नीस त्यांनी शिवनेरी किल्ल्यावर किल्लेदार विश्वासराव यांच्या हवाली केले. ह्या घराण्याशी त्यांची सोयरीकही झाली होती. उंच कडे, एकामागून एक दरवाजे, पाण्याची टाकी, धान्याची कोठारे, पहारे, दाई, वैद्य असा सगळा सरंजाम एका बाळंतिणीभोवती उभा होता. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवाजीराजे जन्मले. आणि त्याच वर्षी पाऊस फसला. १६३० ते १६३२ ह्या काळात गुजरात, खानदेश व दख्खन ह्या प्रदेशांवर जो दुष्काळ कोसळला त्याइतका भयंकर दुष्काळ ह्या देशाने क्वचितच पाहिला असेल. गावेच्या गावे ओस पडली. किल्ल्यावर कोठार होते म्हणून ते मूल वाचले. खाली मैदानात त्याच आठवड्यात जन्मलेली मुले किती वाचली असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

बरे, श्रीमंती असूनही सर्वच मुले वाचत असे नाही. जिजाबाईंस सहा मुले झाली व त्यांतील थोरले संभाजी व धाकटे शिवाजी ही दोनच जगली, असे परंपरा सांगते. त्याच दुष्काळाच्या दिवसांत, आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपुरास खुद्द दिल्लीच्या पातशहाचा तळ पडला होता; तेथे १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल आपल्या चौदाव्या अपत्यास जन्म देताना मरण पावली. तिच्या चौदांपैकी सातच मुले मोठी झाली. जिच्यासाठी पुढे ताजमहाल बांधण्यास दौलत होती, तिच्या बाळंतपणास ती दौलत उपयोगी पडली नाही. देवी, पटकी, बाळंतरोग यांपुढे राणीची व मोळीविकीची गत एकच असे. कारण ह्या शत्रूंस एकेकट्या घराने, मग ते कितीही थोर असो, जिंकता येत नाही. देवीचा रोग हिंदुस्थानातून १९७५ साली गेला, पोलिओमुक्तीचा दाखला २०१४ साली मिळाला. ही दोन्ही कामे सरकारी खजिन्यातून, घरोघर हिंडणाऱ्या पगारी-बिनपगारी माणसांनी केली. कोणा एका मातेची पुण्याई त्यास पुरी पडली नसती.

आता चरित्राचा तो भाग येतो, जो आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे आणि ज्यावर व्याख्याने सर्वांत कमी होतात. शिवाजीराजांच्या जन्माच्याच सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले, कोट पाडला आणि पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून गावावरून गाढवाचा नांगर फिरविला. त्यावर दुष्काळ आला. १६३६ साली निजामशाही बुडाली, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले, आणि पुणे-सुपे प्रांताची जहागीर राखण्यासाठी जिजाबाई बाळराजांस घेऊन पुण्यास आल्या. जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेव पाहत असत. जहागीर म्हणजे काय होते? जळकी खांडे, वाढलेले रान, दिवसाढवळ्या फिरणारे लांडगे, आणि रयत परागंदा.

अशा वेळी धन्यापुढे दोन मार्ग असतात. जे चार कुणबी उरले असतील त्यांस पिळून जेवढे निघेल तेवढे काढावे, हा एक. आपला पैसा व आपला हक्क काही वर्षे जमिनीत गाडून वाट पाहावी, हा दुसरा. जिजाबाईंनी दुसरा धरला. गाढवाच्या नांगराचा अपशकुन पुसण्यासाठी सोन्याचा फाळ लावून त्याच भूमीवर नांगर धरविला, ही कथा सर्वश्रुत आहे. कसब्याच्या गणपतीचे देवालयही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. पण केवळ शकुनाने रयत परत येत नाही. लांडगे मारणारांस बक्षिसे लावली. जो कोणी पडीक जमीन लागवडीस आणील त्यास पहिली काही वर्षे नाममात्र सारा, मग तो वर्षावर्षाने चढत चढत मलिकंबरी धाऱ्यास पोहोचावयाचा, असा कौल दिला. शिवापुरास आमराई लावली. आंब्याचे झाड लावणारा मनुष्य त्याच वर्षी फळ मागत नाही, हे सांगावयास नको. ह्याच धोरणाची पुढे शिवशाहीत रीत पडली. नव्या कुळास सरकारातून बैल आणि बियाणे तर मिळेच, पण पीक हाती येईपर्यंत घरात शिजविण्यास धान्यही मिळे, आणि फेडीस काही वर्षांची सवड असे.

ह्या शेवटच्या बाबीकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. बैल आणि बियाणे ही शेताची गरज झाली. घरात शिजणारे धान्य ही मुलांची गरज. कुळास उभे करावयाचे तर त्याच्या घरातील लेकरे हंगाम येईपर्यंत उपाशी राहता कामा नयेत, हे ज्या कारभारास उमगले, तो कारभार नुसता महसुलाचा राहिला नाही. १६३७ च्या सुमारास मावळातल्या एखाद्या झोपडीत पाळण्यात असलेले मूल १६५९ साली, प्रतापगडाच्या प्रसंगी, बावीस वर्षांचे झाले होते. अफझलखानाच्या फौजेवर जाळीतून तुटून पडलेले मावळे आकाशातून पडले नाहीत. ज्यांच्या बापांस सारा माफ झाला, ज्यांच्या घरची चूल त्या माफीमुळे पेटत राहिली, तीच ती पोरे. एकट्या शिवबांस कथा सांगून आणि दूधभात भरवून हे काम भागले असते काय? राजपुत्र एकच असला तरी त्याच्या पाठीशी उभी राहणारी पिढी हजारोंची लागते, आणि तिच्या अन्नपाण्याचा खर्च जहागिरीने, म्हणजे सार्वजनिक द्रव्याने, सोडून दिलेल्या साऱ्याच्या रूपाने आगाऊ केला होता. आमच्या मते जिजाऊंच्या मातृत्वाचा हा विस्तार लाल महालाच्या भिंतींबाहेर पाहिला पाहिजे.

येथे आक्षेप निघतो तो आम्हांस ठाऊक आहे. मुले वाढविणे हे आईबापांचे काम; सरकारने त्यात हात घातला की आईबाप आळशी होतात; आमच्या आज्यांनी दहा-दहा मुले कोणाच्या मदतीशिवाय वाढविली, असे पारावर बसून सांगणारे सद्गृहस्थ प्रत्येक गावात आहेत. त्यांस आमचे नम्र सांगणे की, आजीने दहा वाढविली हे ते सांगतात, तीत पुरली किती हे सांगत नाहीत. आणि मातेच्या इच्छेचा प्रश्नच नाही. देऊळगाव राजाच्या कापूस वेचणाऱ्या बाईस आपले मूल जिजाऊंइतकेच प्रिय आहे, कदाचित तिने त्याचे नाव शिवाजीच ठेवले असेल. तिच्याजवळ इच्छा आहे. शिवनेरीचे कोठार नाही, दाई नाही, वैद्य नाही, आणि शेताच्या बांधावर झोळी बांधून मूल निजविण्यावाचून गती नाही. २००५ सालच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले येत असतील तर त्यांस सांभाळण्यास एक बाई नेमावी, असे कलम घातले गेले होते. फार चांगले कलम. त्याची अंमलबजावणी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली अशी माणसे आम्हांस आमच्या भागात फारशी भेटलेली नाहीत.

जिजाबाईंच्या हातून दुसरे एक बालक वाढले, त्याची हकीगत ह्या संदर्भात बोलकी आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. माता सईबाई प्रकृतीने खचलेल्या. बाळास अंगावर पाजण्याइतके दूध नव्हते. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ हिला दूधआई म्हणून आणिले. सईबाई १६५९ च्या सप्टेंबरात वारल्या तेव्हा संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे. पुढे आजीने त्यांस सांभाळले, पण बाळाचे पहिले दूध एका कुणबी स्त्रीचे होते, आणि घराण्याने तिचे उपकार व तिची नेमणूक दोन्ही लक्षात ठेविली. तिचे पुत्रही पुढे संभाजीराजांच्या सेवेत राहिले, असे सांगतात. जिजाऊ आजी होत्या, शहाण्या होत्या, सत्ताधीश होत्या. तरी मायेने दूध उत्पन्न होत नाही हे त्या ओळखून होत्या, आणि ते काम जिला येते तिला त्यांनी मानाने घरात घेतले.

आज जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, खेडोपाडी, धाराऊचे काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांस आपण अंगणवाडी सेविका म्हणतो. १९७५ साली देशात ही बालविकास योजना सुरू झाली. गरोदर स्त्रीची नोंद ठेवावी, बाळाचे वजन घ्यावे, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस पूरक आहार द्यावा, लस टोचण्यास बोलवावे, शाळेपूर्वीची अक्षरे गिरवून घ्यावीत, आणि वर सरकारचे जे जे तक्ते येतील ते ते भरावेत, इतकी कामे ह्या एका बाईकडे. तिला मिळते त्यास वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्दात मान आहे, धन फारसे नाही. ४ डिसेंबर १९२३ नव्हे, आमच्याच काळातील ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील ह्या स्त्रिया संपावर गेल्या आणि जानेवारीअखेरपर्यंत संप चालला. राज्यभर अंगणवाड्यांस कुलुपे लागली. त्याच मुदतीत १२ जानेवारीही येऊन गेली, हे आम्ही केवळ नोंदवून ठेवतो.

जिजाबाईंचा उत्तरायुष्यक्रम वाचकांस परिचित आहे. थोरले पुत्र संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात कामास आले. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाबळेश्वरी शिवाजीराजांनी मातेची सुवर्णतुला केली व ते सोने दानधर्मात दिले. त्याच्या आदल्या वर्षी शहाजीराजे निवर्तले. सती जाण्याचा मातेचा निश्चय पुत्राने विनवून मोडिला, ही गोष्ट तर महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे. १६६६ साली राजे आग्र्यास गेले आणि तेथे अडकले, तेव्हा मागे राज्य सांभाळले ते सत्तरीकडे झुकलेल्या ह्या वृद्ध मातेने. राजे परत आले तेव्हा राज्य जागच्या जागी होते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांनी देह ठेविला. समाधी तेथेच आहे.

त्यांचे नाव मुलांच्या कार्यास एकदा खरोखर सार्थपणे दिले गेले होते, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांस आहे. मेळघाटात व इतर आदिवासी भागांत बालमृत्यूंनी सरकारची पुरेशी नाचक्की झाल्यावर, २००५ साली महाराष्ट्राने औरंगाबादेस मुख्यालय ठेवून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. देशातील अशा प्रकारचे हे पहिलेच. त्याची युक्ती साधी होती. रिकाम्या जागा भरावयाच्या, सेविकांस नीट शिकवावयाचे, आरोग्य खाते व अंगणवाडी खाते यांस एका पंक्तीस बसवावयाचे, आणि गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांवर सारे लक्ष केंद्रित करावयाचे. कारण त्या मुदतीत खुंटलेली उंची व खुंटलेला मेंदू पुढे कितीही खाऊ घातले तरी पुरता भरून येत नाही. फळ काय आले? दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ साली शेकडा ३९ होते, ते २०१२ च्या पाहणीत शेकडा २३ वर आले. सहा-सात वर्षांत एवढी उतार जगात थोड्या ठिकाणी पडली असेल.

मग हात ढिला पडला. पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचा आकडा राष्ट्रीय पाहणीत २०१५-१६ साली राज्यात शेकडा ३४.४ होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ झाला. आकडा उतरण्याऐवजी किंचित चढला. दरम्यान २०१७ साली केंद्र सरकारने पूरक आहाराचा दर सुधारून सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकामागे दिवसास ८ रुपये केला, त्यापूर्वी तो ६ रुपये होता. आठ रुपयांत आज बसस्थानकावर चहाचा पेला मिळणे कठीण. ह्या आठ रुपयांतून डाळ, तेल, धान्य व बाळाच्या हाडामांसास लागणारे सर्व काही निघावयाचे!

पैसा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. नागपूर-मुंबईचा समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून, मेहकर व सिंदखेड राजा ह्या तालुक्यांतून गेला आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, ५० हजार कोटींहून अधिक खर्चाचा, २०२५ साली शेवटच्या टप्प्यासह खुला झाला. रस्त्याचे आम्हांस वैर नाही. संत्री, सोयाबीन लवकर बाजारास गेली तर शेतकऱ्याचे भलेच होईल. कर्ज काढून रस्ता बांधला तर त्यास गुंतवणूक म्हणतात, आणि त्याच रस्त्याकाठच्या अंगणवाडीस भिंत, नळ व शौचकूप मागितले तर त्यास खर्च म्हणतात, एवढीच आमची तक्रार आहे. पुण्याच्या जहागिरीत शिवापूरची आमराई आणि कुळाच्या घरचे धान्य ही एकाच वहीत मांडली जात होती.

मोठी रक्कम मुंबई-दिल्लीहून येईल तेव्हा येईल. तीसाठी लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात व लोकसभेत आहाराचा दर किमतींशी बांधून घेण्याची मागणी लावून धरली पाहिजे. दर दहा वर्षांनी दोन रुपये वाढविण्याची ही तऱ्हा पुरे झाली. सेविका व मदतनीस यांच्या रिकाम्या जागा भरण्यास जिल्हा परिषदेने मुदत घालून घ्यावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांकडे प्रथम पाहावे, कारण तेथे पावसाळ्यात गाडी पोहोचण्याची मारामार असते. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या हंगामात तरी अंगणवाडी सायंकाळपर्यंत उघडी राहावी व त्या जादा तासांचा मोबदला बाईस रोख मिळावा. सोनोग्राफीच्या यंत्रांची तपासणी कागदावर न राहता तिचा अहवाल तालुक्यास जाहीर व्हावा.

आणि जे पैसे आजच गावात आहेत त्यांचे काय? ग्रामपंचायतीने व जिल्हा परिषदेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणाकडे खर्च करावा असा नियम आहे. रक्कम लहान असेल, पण ती गावाची आहे आणि तिचा हिशेब मागण्याचा हक्क गावास आहे. १२ जानेवारीनंतर चौदाच दिवसांनी २६ जानेवारीची ग्रामसभा येते. सिंदखेडाहून पताका घेऊन परतलेल्या मंडळींनी त्या सभेस जावे, सरपंचांस व ग्रामसेवकांस तो दहावा हिस्सा गेल्या वर्षी किती निघाला, कशावर खर्चला व किती पडून राहिला हे उभ्याने वाचून दाखविण्यास सांगावे, आणि तो कागद अंगणवाडीच्या दारावर चिकटवून घ्यावा. ज्या गावांतून असे कागद आमच्याकडे येतील त्यांची नावे, आकड्यांसह, आम्ही ह्याच स्तंभात छापू. आणि ज्या गावांतून येणार नाहीत त्यांचीही.